सहा आमदार आणि दोन खाती

जुलै 1930. जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचं एक छोटं राज्य आहे. त्या राज्याच्या गृहमंत्र्याने अडॉल्फ हिटलरच्या हातात नेमणुकीचा एक सरकारी कागद ठेवला. हिल्डबुर्गहाउझेन या आडगावी ग्रामीण पोलिसांचा कमिशनर म्हणून त्याची नेमणूक झाली होती. हिटलरला फौजदारकी करायची नव्हती. तो मूळचा ऑस्ट्रियाचा. 1925 मध्ये त्याने तिथलं नागरिकत्व सोडलं आणि तेव्हापासून तो कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. जर्मनीत सरकारी पदावर नेमणूक झाली की नागरिकत्व मिळत असे, त्यासाठी हा सगळा खटाटोप. हिटलरने तो कागद वापरला नाही, आणि आपण तो फाडून टाकला असं नंतर सांगितलं. 1932 च्या सुरुवातीला प्रकरण फुटलं तेव्हा विरोधी वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली. लोकांचं हसून होतंय तोवर, 25 फेब्रुवारी 1932 रोजी ब्राउनश्वाइग या दुसऱ्या छोट्या राज्यातल्या नाझी मंत्र्याने तेच काम तडीस नेलं. हिटलर कागदोपत्री तिथला सरकारी अधिकारी झाला, त्यामुळे जर्मन नागरिक झाला, आणि लगेच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरला.

नाझी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. फुटपाथवरच्या पुस्तकविक्रेत्याकडे त्याचं आत्मचरित्र मराठीतही मिळतं. कडक मुख्याध्यापकाला, हट्टी साहेबाला आपण सहज ‘हिटलर’ म्हणून मोकळे होतो. एक माणूस आला आणि त्याने अख्खा देश झपाटून टाकला, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला सोयीची आहे, कारण तिच्यात बाकी कुणालाच जाब द्यावा लागत नाही. पण या माणसाला साधं नागरिकत्व मिळवण्यासाठीसुद्धा राज्याराज्यांतल्या मंत्र्यांच्या सह्या लागल्या. ते मंत्री खुर्चीवर कसे बसले आणि त्यांना कुणी बसवलं, हा माझ्या लेखाचा विषय आहे. त्यासाठी थुरिंगियाचा नाझी पक्षप्रमुख फ्रित्झ साउकेल याची कारकीर्द बघावी लागते.

साउकेलचा जन्म 27 ऑक्टोबर 1894 चा, हासफुर्ट गावचा. वडील टपाल खात्यात, आई शिवणकाम करायची. पोरगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून जहाजावर गेला. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो समुद्रावर होता. फ्रेंचांनी पकडलं, आणि युद्धाची सगळी वर्षं आणि वर एक वर्ष त्याने कैदेत काढलं. 1919 च्या अखेरीस परत आला तो हरलेल्या देशात. श्वाइनफुर्टला कारखान्यात काम केलं, मग इल्मेनाउच्या तंत्रशाळेत शिकायला गेला. तिथून थुरिंगियाशी त्याची गाठ पडली ती कायमची. 1923 मध्ये तो नाझी पक्षात आला. पुढे त्याला दहा मुलं झाली. या माणसात असाधारण असं काही शोधूनही सापडत नाही. बोलणं रांगडं, लिहिणं बोजड, विचार सगळे उसने. अंगात होती ती चिकाटी आणि नेत्यावरची आंधळी निष्ठा.

पक्षाच्या प्रादेशिक प्रमुखाला गाउलायटर म्हणत. 1920 च्या दशकात हे पद दिमाखाचं नव्हतं. गावातल्या खानावळीचा मागचा हॉल भाड्याने घ्यायचा, वक्ता आणायचा, दारात टेबल टाकून प्रवेशशुल्क घ्यायचं, सभा संपली की नोटा-नाणी मोजून हॉलचं भाडं चुकवायचं, वर्गणीतला वाटा म्युनिकच्या पक्षकचेरीला धाडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला. साउकेल हे काम 1925 पासून पक्षाचा राज्य कार्यवाह म्हणून करत होता. त्याचा वरिष्ठ आर्टुर डिंटर हा नवा धर्म स्थापायच्या नादाला लागलेला लेखक होता. हिटलरने सप्टेंबर 1927 मध्ये त्याला बाजूला केलं आणि साउकेलला गाउलायटर केलं.

थुरिंगियाची जमीन नाझींसाठी भुसभुशीत झाली होती, आणि ती नाझींनी एकट्याने केली नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. फेब्रुवारी 1924 च्या निवडणुकीत उजव्या पक्षांच्या आघाडीला बहुमत कमी पडलं, तेव्हा त्यांनी सात जागा मिळवलेल्या वंशवादी गटाचा बाहेरून पाठिंबा घेतला. पाठिंब्याची किंमत ताबडतोब मोजली गेली: थुरिंगियात नाझी पक्षावरची बंदी उठली. राज्याची राजधानी असलेल्या वायमारमधल्या बाउहाउस या कलाशाळेचं अनुदान असं कापलं की 1925 मध्ये ती शाळा गाव सोडून डेसाउला गेली. बव्हेरिया आणि प्रशियामध्ये हिटलरला जाहीर भाषणाची बंदी होती, थुरिंगियात तो बोलू शकत होता. म्हणूनच जुलै 1926 चा पक्षाचा मेळावा वायमारला भरला. गटे आणि शिलर या थोर जर्मन कवींचं हे गाव, जिथे 1919 मध्ये प्रजासत्ताकाची राज्यघटना लिहिली गेली, तेच गाव प्रजासत्ताकाच्या शत्रूंना मोकळं अंगण म्हणून मिळालं.

मग आलं 1929. शेतमालाचे भाव आधीच पडले होते, शेतकरी कर्जात होता. थुरिंगियाच्या जंगलपट्ट्यातली माणसं घरोघरी बसून खेळणी आणि काचेच्या वस्तू बनवत. सोनेबर्गच्या बाहुल्या आणि लाउशाचे ख्रिसमसच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे अमेरिकेत जात. अमेरिकेचा बाजार कोसळला तशी ही घरं उघडी पडली. 8 डिसेंबर 1929 च्या राज्य निवडणुकीत नाझी पक्षाला 11.3 टक्के मतं आणि 53 पैकी 6 जागा मिळाल्या. साउकेल त्या सहांचा गटनेता झाला.

आघाडीचं राजकारण बघत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला पुढचं गणित सोपं वाटेल. सोशल डेमोक्रॅट 18 आमदारांसह सर्वांत मोठा पक्ष होता. त्यांना बाहेर ठेवायचं हा उजव्या पक्षांचा निर्धार होता. जमीनदार-शेतकऱ्यांचा लांडबुंड, उद्योगपतींचा जर्मन पीपल्स पार्टी, व्यापारी-घरमालकांचा पक्ष आणि राष्ट्रवादी जुने सरदार, असे सगळे मिळून 22 होत होते. सहा मिळवले की 28. बहुमत झालं.

सहा आमदारांचा पक्ष काय मागतो? हिटलरने जानेवारी 1930 मध्ये स्वतः वायमारला येऊन मागितलं: गृह आणि शिक्षण. दुसरं काही नको. अर्थखातं नको, शेती नको, मुख्यमंत्रिपदही नको. या दोन खात्यांचं मर्म त्याने त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला लिहिलेल्या एका पत्रात उलगडलं आहे. ही दोन खाती ज्याच्या हातात आहेत आणि ज्याला ती निर्दयपणे, चिकाटीने वापरायची आहेत, तो असाधारण गोष्टी करू शकतो, असा त्याचा आशय. थुरिंगियात आपल्याला सर्वांत मोठं यश मिळालं, आता आपल्याशिवाय तिथे कुणाला बहुमत मिळणार नाही, हेही त्यात आहे. मंत्री म्हणून त्याने नाव दिलं विल्हेल्म फ्रिकचं. हा म्युनिकच्या पोलीस खात्यातला माणूस, 1923 च्या हिटलरच्या फसलेल्या उठावात सामील झाल्याबद्दल न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावलेली होती. पीपल्स पार्टीवाले आधी बिचकले. हिटलरने धमकी दिली की फ्रिक नको असेल तर पुन्हा निवडणूक घेऊ. उद्योगपतींपुढे त्याने भाषण केलं. पीपल्स पार्टी वाकली. 23 जानेवारी 1930 रोजी फ्रिक जर्मनीतल्या कुठल्याही राज्यातला पहिला नाझी मंत्री झाला.

साउकेलबद्दल मला जितका राग येतो त्याहून जास्त या गृहस्थांचा येतो. साउकेलला काय हवंय ते तो भर सभेत ओरडून सांगत होता. हे लोक शिकलेले, सुस्थितीतले, चर्चला जाणारे, घरी पियानो असलेले. त्यांचा हिशोब असा की जबाबदारी अंगावर पडली की ही पोरं निवळतील, फाइली वाचता वाचता आरडाओरडा थांबेल, आणि नाही निवळली तर लोकांपुढे उघडी पडतील. जो माणूस ती खुर्ची मोडायला आला आहे तो खुर्चीवर बसल्याने जबाबदार कसा होईल, हा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

खाती मिळाल्यावर काय झालं ते तारखांनिशी नोंदलेलं आहे. मार्च 1930 मध्ये विधिमंडळाने सरकारला वटहुकुमाने कारभार करण्याचे विशेष अधिकार दिले. काटकसरीच्या नावाखाली समाजवादी अधिकारी घरी बसवले गेले. पोलीस खात्यात आपली माणसं घुसवायचा फ्रिकचा प्रयत्न इतका उघड होता की बर्लिनच्या केंद्र सरकारने थुरिंगियाच्या पोलिसांसाठीचं अनुदान रोखलं. एप्रिलमध्ये ‘निग्रो संस्कृतीविरुद्ध, जर्मन लोकवृत्तीसाठी’ अशा नावाचा आदेश निघाला, ज्याच्या आधारे जॅझ संगीतापासून नाटकांपर्यंत कशावरही बडगा उगारता येत होता. शाळांमध्ये द्वेष शिकवणाऱ्या प्रार्थना सुरू झाल्या, आणि त्यातल्या काही घटनाबाह्य असल्याचं न्यायालयाला सांगावं लागलं. येना विद्यापीठात प्राध्यापकांचा विरोध डावलून हान्स गुंथर या वंशशास्त्राच्या प्रचारकासाठी खास अध्यासन निर्माण केलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्या पहिल्या व्याख्यानाला हिटलर स्वतः येऊन बसला.

बाउहाउस तर पाच वर्षांपूर्वीच गेलं होतं, पण तिच्या जुन्या इमारतीत ऑस्कर श्लेमर या चित्रकाराने 1923 च्या प्रदर्शनासाठी केलेली भित्तिचित्रं अजून होती. जिन्याने चढता-उतरता दोन्ही अंगांना माणसांच्या साध्या, गोलसर आकृत्या. त्यात ना घोषणा, ना कुणाची निंदा. माणसाचं शरीर आणि भोवतीची जागा यांचं नातं शोधणारी चित्रं ती. कलाशाळेवर नेमलेल्या नव्या संचालकाने ऑक्टोबर 1930 मध्ये ती नष्ट करवली. पुढच्याच महिन्यात वायमारच्या राजवाड्यातल्या संग्रहालयातून क्ले, कांडिन्स्की, बार्लाख यांच्यासारख्यांची कामं उतरवली. सगळ्या देशात मॉडर्न कलेची जी धिंड 1937 मध्ये काढली गेली, तिची रंगीत तालीम सात वर्षं आधी एका राज्याच्या शिक्षण खात्याने केली होती. हिटलर पंतप्रधान व्हायला तेव्हा अजून सव्वादोन वर्षं होती.

इथे माझ्या म्हणण्याला एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. 1 एप्रिल 1931 रोजी याच विधिमंडळाने अविश्वास ठराव आणून फ्रिकला घालवलं. साउकेल आणि मंडळींनी मित्रपक्षाच्या नेत्यांना इतक्या शिव्या घातल्या की अखेर पीपल्स पार्टीने डाव्यांसोबत मत दिलं. म्हणजे दार उघडता येतं तसं लावताही येतं, असं म्हणता येईल. शिवाय नाझींची मतं पुढे वाढली ती देशभर वाढली, मंदीमुळे वाढली. दोन्ही खरं आहे. पण फ्रिक गेला तो दगाबाज मित्रांनी घालवलेला मंत्री म्हणून. चौदा महिन्यांत पक्षाने पोलीस मुख्यालय आतून पाहिलं, कुठला अधिकारी कुठे बसतो ते जाणलं, आणि मतदाराला नाझी मंत्री ही नित्याची गोष्ट वाटू लागली. आपल्याकडे म्हणतात तसा चंचुप्रवेश झाला होता, मुसळप्रवेश राहिला होता. तो 31 जुलै 1932 ला झाला. साउकेलच्या पक्षाला 42.5 टक्के मतं, 61 पैकी 26 जागा. बहुमताला पाच कमी. लांडबुंड पुन्हा धावून आला. 26 ऑगस्टला साउकेल सरकारचा प्रमुख झाला. गृहखातं त्याने स्वतःकडे ठेवलं.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यापासून माझ्या मनातून जात नाही. चारच महिन्यांनी, डिसेंबर 1932 मध्ये, थुरिंगियात नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि नाझींची मतं धाडकन खाली आली. साउकेलचा कारभार बघून लोक विटू लागले होते. लोकांनी आपलं काम केलं होतं, थोडं उशिरा का होईना. त्याच सुमारास बर्लिनमध्ये मात्र तोच जुना हिशोब मोठ्या प्रमाणावर मांडला जात होता: याला सत्तेत घेऊ, चौकटीत बसवू, मंत्रिमंडळात आपली माणसं जास्त ठेवू. 30 जानेवारी 1933 च्या हिटलर मंत्रिमंडळात त्याच्याखेरीज दोनच नाझी होते. त्यातल्या एकाकडे गृहखातं गेलं. नाव फ्रिक.

पुढे वेग इतका आहे की तारखा पुरत नाहीत. 3 मार्च 1933 रोजी वायमारजवळच्या नोहरा गावी थुरिंगियाच्या गृहखात्याने कम्युनिस्टांना डांबण्यासाठी छळछावणी उघडली. जगाला डाखाउची छळछावणी माहीत आहे. नोहरा त्याच्या तीन आठवडे आधीचं. याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो: बर्लिनहून हुकूम येण्याची वाट बघावी लागली नाही, कारण इथे पोलीस खातं ऑगस्टपासून साउकेलच्या हाताखाली तयार होतं. मे महिन्यात साउकेल केंद्राने नेमलेला राज्याधिपती झाला, पक्षपद तर होतंच.

मग त्याने हात मारायला सुरुवात केली. सूल गावात सिमसन या ज्यू कुटुंबाचा शस्त्रं आणि वाहनांचा मोठा कारखाना होता. पहिल्या युद्धानंतरच्या तहाच्या बंधनांत जर्मन सैन्याला हलक्या मशीनगन पुरवण्याचं काम याच कारखान्याकडे होतं. साउकेलने खटले, अटक, दमदाटी असं सगळं वापरून तो बळकावला. कुटुंब 1936 मध्ये देश सोडून गेलं. कारखाना एका प्रतिष्ठानाच्या नावावर झाला आणि प्रतिष्ठानाचा प्रमुख साउकेल झाला. जुलै 1937 मध्ये वायमारच्या डोक्यावरच्या एटर्सबर्ग टेकडीवर नवी छावणी उभी राहिली. ती थुरिंगियात यावी म्हणून साउकेलने जोर लावला होता. वायमारच्या नाझी संस्कृती मंडळाने तक्रार केली ती छावणीची नव्हती, नावाची होती: एटर्सबर्ग हे नाव गटेच्या आठवणीशी जोडलेलं, ते नको. म्हणून नाव ठेवलं बुखेनवाल्ड, म्हणजे बीच वृक्षांचं रान. 1945 पर्यंत तिथे सुमारे 56,000 माणसं मेली.

21 मार्च 1942 रोजी हिटलरने साउकेलला सगळ्या व्यापलेल्या युरोपातून मजूर गोळा करायचं काम दिलं. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त काम पिळून निघेल अशा बेताने त्यांना खायला घाला, ठेवा आणि वागवा, हा त्याचा लेखी आदेश न्युरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आला. मार्च 1944 च्या एका बैठकीत तो स्वतः बोलून गेला की जर्मनीत आणलेल्या पन्नास लाख मजुरांपैकी दोन लाखही आपखुशीने आलेले नाहीत. 16 ऑक्टोबर 1946 च्या पहाटे त्याला फाशी झाली. शेवटपर्यंत तो स्वतःला निर्दोष म्हणत राहिला. त्याच पहाटे फ्रिकही फासावर गेला. थुरिंगियाच्या विधिमंडळाने 1930 मध्ये जोडलेली ही जोडी.

ज्याच्या कारखान्यांसाठी साउकेल माणसं ओढून आणत होता तो मंत्री आल्बर्ट श्पेअर वीस वर्षांच्या शिक्षेवर सुटला. सुशिक्षित, मृदुभाषी, कोर्टात पश्चात्ताप दाखवणारा. रांगडा साउकेल लोकांना गुन्हेगार वाटला, सभ्य श्पेअर चुकलेला वाटला. मला यात 1930 च्या वायमारचीच खोड दिसते: चांगले कपडे घातलेल्या माणसाला जाब विचारताना जीभ अडखळते.

हा इतिहास म्हणून बाजूला ठेवता आला असता तर मी हा लेख लिहिला नसता. 5 फेब्रुवारी 2020 रोजी याच थुरिंगियाच्या विधिमंडळात उदारमतवादी पक्षाचा थोमास केमेरिश 45 विरुद्ध 44 मतांनी मुख्यमंत्री निवडला गेला, आणि त्या 45 मध्ये अतिउजव्या आल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी या पक्षाची मतं होती. डाव्या पक्षाच्या गटनेत्या अभिनंदनासाठी आणलेला पुष्पगुच्छ घेऊन त्याच्यासमोर गेल्या आणि तो त्याच्या पायाशी टाकून निघून गेल्या. पंतप्रधान अँगेला मर्केल यांनी ही निवड अक्षम्य ठरवली. केमेरिशला काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला. तेव्हा अनेकांना हा कांगावा वाटला, एवढं काय आभाळ कोसळलं म्हणून. माझ्या मते त्या बाईंचं वागणं बरोबर होतं. तिथल्या लोकांना तरी 28 हा आकडा कसा झाला होता ते माहीत असायला हवं.

आज हा वाद जर्मनीत रोज चालतो. एक तृतीयांश मतदारांना किती दिवस बाहेर ठेवणार, बाहेर ठेवून तुम्ही त्यांना हुतात्मे करता, एकदा कारभार करू द्या, फुगा फुटेल. या पक्षाला मत देणारा प्रत्येक माणूस नाझी आहे असं मी म्हणत नाही. ते खोटं आहे आणि मतदाराचा अपमान आहे. त्याच्या शाळेचे, दवाखान्याचे, बसचे प्रश्न खरे आहेत आणि ते सोडवायलाच हवेत. त्याच्या आमदारांनी विधिमंडळात बोलावं, प्रश्न विचारावेत, सरकारचे वाभाडे काढावेत. पण ज्या पक्षाच्या तिथल्या शाखेला राज्याच्याच गुप्तचर खात्याने अतिरेकी ठरवलं आहे, ज्याच्या तिथल्या नेत्याला नाझींच्या दंगलखोर दलाची घोषणा दिल्याबद्दल 2024 मध्ये न्यायालयाने दोनदा दंड केला आहे, त्याला ‘कारभार करू द्या’ म्हणणाऱ्याने कुठलं खातं, ते आधी सांगावं. फुगा फुटेल हा प्रयोग याच राज्यात, याच शब्दांत करून झालेला आहे. डिसेंबर 1932 ला फुगा फुटूही लागला होता. तोवर पोलीस खात्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात होत्या.

साउकेलने वायमारमध्ये पक्षाच्या कचेऱ्यांचं एक अवाढव्य संकुल बांधायला घेतलं होतं. त्यासाठी एक दरी भरून काढली, घरं पाडली. त्यातल्या सभागृहात आता मॉल आहे. मे 2024 मध्ये त्याच संकुलात नाझीकाळातल्या सक्तमजुरीचं संग्रहालय उघडलं. ज्यांना गुराढोरांसारखं ओढून आणलं, त्या पोलिश, युक्रेनियन, फ्रेंच माणसांचे फोटो आणि कागद साउकेलच्याच भिंतींवर लागले आहेत. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 1 सप्टेंबरला, राज्यात निवडणूक झाली. आल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी 32.8 टक्के मतं आणि 88 पैकी 32 जागा मिळवून पहिल्या क्रमांकावर आला. बाकीचे पक्ष साडेतीन महिने वाटाघाटी करत बसले, आणि तीन पक्षांच्या जुळणीचे जेमतेम 44 झाले, म्हणजे बरोबर निम्मे. डिसेंबरमध्ये सरकार आलं तेव्हा गृहखातं सोशल डेमोक्रॅटांकडे गेलं, शिक्षण ख्रिश्चन डेमोक्रॅटांकडे.